पलूसच्या शेडमधली लाल गाडी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे सांगताना मी चुकतो. हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. आठवलं नाही तर बरं, असं पुष्कळदा वाटतं. नावं कुणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतून मोठा रस्ता जायचा, त्यामुळे अपघात रोजचेच. गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, एका मोटारीनं सायकलवरच्या माणसाला उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. माणूस जागीच गेला. साठीचा पिंजारी होता. गावोगाव फिरून गाद्या-उशा भरून द्यायचा. सगळीकडं मशीन आली तरी हा हातानंच कापूस पिंजायचा आणि त्याची लांब धनुकली सायकलच्या मागं बांधलेली असायची. मी पंचनाम्याला पोचलो तेव्हा रस्ताभर कापूस पसरला होता. धनुकलीचे दोन तुकडे झाले होते. तिला ताणून बांधलेली आतड्याची दोरी, जिला तात म्हणतात, ती काही मिळाली नाही. आम्ही ती शोधलीही नाही. डाव्या हेडलाईटच्या काचा आणि सायकलच्या मडगार्डला घासलेला लाल रंग, एवढं आम्हाला तपासाला पुरेसं वाटलं.

काचेवरच्या अक्षरांवरून गाडी कुठली ते कळलं. दोन दारांची, बुटकी, परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. आरटीओकडून यादी मागवली, पण आसपासच्या जिल्ह्यांत नोंदलेल्या तसल्या गाड्या धडधाकट निघाल्या. म्हणजे नोंदणी परराज्यातली असणार. पेपरात निवेदन दिलं. कराड, सांगली, मिरज, कोल्हापूरच्या स्पेअर पार्टच्या दुकानदारांना सांगून ठेवलं, की या गाडीचा डावा हेडलाईट कुणी मागितला तर मला कळवा. त्यानंतर वाट बघण्याखेरीज काम नव्हतं.

पिंजाऱ्याची बायको दर मंगळवारी यायची. मंगळवार आमच्या गावचा बाजार. बाजार करून पिशवी घेऊन ती ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायची आणि मला वेळ झाला की विचारायची, “सायेब, काय समाजलं का?” मी म्हणायचो, तपास चालू आहे. ती “बरं” म्हणून उठायची. रडली नाही, भांडली नाही. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देणं सोपं असतं.

गुढीपाडव्यानंतर सांगलीच्या एका दुकानदाराचा फोन आला. “सायेब, तुमी सांगितलेला हेडलाईट एकजण मागतोय. पलूसकडचा हाय. डावाच पायजे म्हणतोय.”

स्टेशन डायरीला नोंद करून, तिथल्या ठाण्याला कळवून आम्ही पलूस तालुक्यातल्या त्या गावी गेलो. उसाच्या शेतात घर, घराला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये लाल गाडी चार ठोकळ्यांवर चढवलेली. पुढचा भाग सगळा उघडा. बोनेट भिंतीला टेकवलेलं. त्याचा चेपलेला भाग ठोकून सरळ केलेला आणि त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलेली. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून फळीवर ओळीनं मांडलेला होता. गाडीखालून जो माणूस बाहेर आला तो फौजेतून निवृत्त झालेला, पन्नाशीचा. नोकरीभर लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दुरुस्त केलेले. हात पुसत तो सरळ उभा राहिला.

मी विचारलं, “गाडी कुणाची?”

“माझी. जुनी घेतलीया. बंद होती.”

“पुढून ठोकलेली होती?”

“व्हय.”

“कुठं ठोकली?”

“ते मला ठावं न्हाई. दिवाळीच्या पाडव्याला ट्रकवर घालून आणली, तवा अशीच होती.”

एवढं बोलून तो पुन्हा हात पुसू लागला. त्यानं गाडीचं केलेलं काम मी पाहिलं. असल्या गाड्या जमिनीला घासून चालतात. यानं स्प्रिंगा बदलून ती चार बोटं उचलली होती, म्हणजे गावच्या रस्त्यावर चालावी. सीटचं कव्हर नवीन, सायलेन्सरची नळी स्वतः वाकवून जोडलेली. सगळं घरी. चोर असं काम करत नाही, हे मला तिथंच जाणवलं होतं. पण जाणवणं आणि कागद यांत आम्ही पोलीस कागदाला धरून चालतो.

आणि कागद त्याच्या विरुद्ध होता. ज्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडून त्यानं गाडी घेतली, त्याच्याकडची ताबा-पावती आम्ही तपासली. तिच्यावर श्रावणातली तारीख होती. म्हणजे अपघाताच्या दिवशी गाडी फौजीच्या ताब्यात. खाली फौजीची सही खरी.

नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावलं. दोन दिवस विचारपूस केली. तो म्हणाला, सही केली तेव्हा तारखेची जागा कोरी होती. ट्रक कुणाचा, माहीत नाही, दलालानं पाठवला. दलाल म्हणाला, मी ट्रक पाठवलाच नाही, हे स्वतः चालवत घेऊन गेले. मी फौजीला विचारलं, “गाडी खोलताना काही सापडलं का?” त्यानं खाली बघितलं आणि “न्हाई” म्हणाला. त्या “न्हाई”त खोट होती, हे मी ओळखलं. मात्र तिचा अर्थ चुकीचा लावला. हाच आपला आरोपी, असं मनानं घेतलं. सात महिने झाले होते, वरून विचारणा होत होती, मी थकलो होतो. मंगळवारी सकाळी मी अटकेचे कागद तयार करायला बसलो.

अकराच्या सुमारास फौजीची बायको आली. बरोबर कुणी नव्हतं. पलूसहून दोन एस.टी. बदलून आली होती. बाकावर पिंजाऱ्याची बायको बसलेली होती, तिच्या शेजारीच ही बसली. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. मी बाहेर आल्यावर ती उभी राहिली आणि पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

“आवं सायेब, गाडी आली त्या दिशी मी फोटू काढल्यात. पाडवा हुता म्हणून ओवाळली मी तिला. मला कुणी इचारलंच न्हाई.”

फोटोत ट्रकवरून उतरत असलेली गाडी होती. डावा हेडलाईट फुटलेला, बोनेट चेपलेलं आणि त्या चेपलेल्या पत्र्यावर हळदी-कुंकू. मोबाईलमध्ये तारीख दिवाळीच्या पाडव्याची. ट्रकचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. आम्ही त्या घरी दोनदा गेलो होतो. तिनं दोन्ही वेळा चहा दिला होता. एकदाही तिला एक प्रश्न विचारला नव्हता.

मग तिनं पत्र्याची डबी काढली. “हे बी त्यांनी ठेवलं हुतं. सांगत न्हवते. मी आणलंया.”

डबीत काळा पडलेला कापूस होता आणि वेटोळं केलेली तात.

मी हात पुढं करायच्या आधीच पिंजाऱ्याची बायको पुढं झाली. मुद्देमाल असा कुणाच्या हातात द्यायचा नसतो, आधी पंच बोलवायचे असतात. मी अडवलं नाही. तिनं तातीचं टोक बोटांनी चाचपलं.

“ही गाठ माझी हाय,” ती म्हणाली. “त्यांच्या हातात जोर ऱ्हायला न्हवता. मीच बांधून द्यायची.”

फौजीला आतल्या खोलीतून बाहेर आणलं होतं. डबी बघून तो दाराशीच थांबला. तिनं त्याच्याकडं वळून विचारलं, “तुमाला कवा घावली?”

“संक्रांतीच्या आदल्या दिशी. रेडिएटर काढला तवा, मागं गुंडाळली हुती.”

“आमचीच हाय, ते कळलं हुतं?”

“पेपरात वाचलं हुतं. कळलं हुतं.”

“मी संक्रांतीपासनं धा-बारा मंगळवार आले हितं.”

फौजीच्या बायकोनं मान खाली घातली. मी पंच बोलवायला शिपाई पाठवला, कारण दुसरं काय करावं हे मला सुचलं नाही.

नंतर जबाब देताना त्यानं सगळं सांगितलं. “जलमभर सरकारी ट्रक दुरुस्त केलं, सायेब. एक गाडी मनासारखी करायची हुती. तात दिली तर गाडी जाणार, आनि गेली तर परत अशी व्हनार न्हाई, एवढंच डोक्यात हुतं. रोज वाटायचं, इंजिन चालू झालं की जाऊन सांगू.”

“चालू झालं का?”

“मार्चमदी झालं. तरी न्हाई आलो.”

पुढचं काम सोपं होतं. ट्रकवाला दोन दिवसांत सापडला. त्यानं गाडी साताऱ्याजवळच्या एका फार्महाऊसवरून, ठोकलेल्या अवस्थेत, उचलली होती. तिथला मालक पैसेवाला, वजनदार माणूस; अपघाताच्या सकाळी गाडी तोच चालवत होता. त्याच्याच सांगण्यावरून दलालानं कोऱ्या पावतीवर मागची तारीख टाकली होती. दोघांनाही अटक केली. लांबीच्या खालच्या मूळ रंगाचा नमुना सायकलवरच्या रंगाशी जुळला. फौजीला आरोपी करावं, असं एका वरिष्ठांचं मत होतं. मी त्याला साक्षीदार केलं. ते बरोबर की चूक, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही.

गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आली. कोर्टात अर्ज केलास तर सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, परत मिळेल, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “नको सायेब.” प्रत्येक तारखेला मात्र तो वेळेवर हजर असायचा, आणि तीन महिने आपण गप्प होतो हे त्यानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, वकिलानं विचारायच्या आधी, स्वतः सांगितलं.

निकालापर्यंत माझी बदली होऊन गेली होती. निकालाच्या दिवशी मी रजा काढून साताऱ्याला गेलो. फार्महाऊसच्या मालकाला शिक्षा झाली, आणि अपिलासाठी त्याच दुपारी जामीनही झाला. तो आपल्या माणसांबरोबर गाडीत बसून गेला. कोर्टाच्या आवारात पिंजाऱ्याची बायको उभी होती. तिनं विचारलं, “संपलं का सायेब?”

मी “हो” म्हणालो.

नोकरीनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. या प्रकरणानं दोन गोष्टी शिकवल्या. घरात गेलात की घरातल्या बाईला विचारा, ही पहिली. ती मी पुढच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगत आलो. दुसरी कुणाला सांगितली नाही. फौजीला मी मनातून कमी लेखलं होतं, की चांगला माणूस असून हातचं सुटू नये म्हणून गप्प बसला. निकालाच्या दुपारी मला फक्त घरी जायचं होतं, अपील म्हणजे काय हे पिंजाऱ्याच्या बायकोला समजावत उभं राहायचं नव्हतं. म्हणून मीही तेच केलं.

आठ दिवसांनी मी तिच्या गावी गेलो. ती ओट्यावर उशीला टाके घालत बसली होती. मी सांगितलं की प्रकरण संपलेलं नाही, वरच्या कोर्टात आणखी काही वर्षं जातील, माझ्याकडून चुकीचं बोललं गेलं.

तिनं दोरा दातानं तोडला.

“मला वकिलानं तवाच सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “तुमी लय दमलेलं दिसत हुता. म्हणून बोलले न्हाई.”