डिझेल कुठी आहे?

विज्ञान प्रदर्शनात माझ्या विद्यार्थिनीने चामोर्शीच्या धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ बाटलीत मांडलं होतं. हे सूक्ष्म जीव उन्हावर डिझेलसारखं तेल किंचित बनवतात आणि त्यातून उरणारं, मुंगीच्या डंखात असतं ते आम्लही पुन्हा वापरतात, हे तिने नीट सांगितलं.

परीक्षक हसले. "डिझेल कुठी आहे? घाण पाणी काऊन आणलं?"

"पेशीच्या आत हाये, सर."

ते पुढच्या टेबलाकडे निघालेसुद्धा! बक्षीस मिळालं लुकलुकत्या दिव्यांच्या थर्माकोली वीज केंद्राला. मी तिथेच लेखी हरकत दिली. ती कोणी वाचलीही नाही.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी आपण बी लाइट लावाचे का जी?"

"मुळीच नाही," मी म्हणाले. प्रदर्शनातून तिने हेच शिकावं, याचाच मला सर्वांत जास्त संताप आला.