ते घरचंच हाय की

शेजारणीच्या मिक्सरमधून कारल्याचा वास आला की अजूनही माझा पाय घरात ठरत नाही. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत वडील रोज सकाळी शुगरची गोळी घ्यायचे आणि तिच्यावर पेलाभर कारल्याचा रस. रसानंतर बराच वेळ अन्नाला शिवायचं नाही, हे पथ्य ते देवाचं असल्यासारखं पाळायचे. त्या दिवशी छताचा पत्रा तापला होता, खाली कारखान्यात माग खडखडत होते आणि वडिलांना एकाएकी दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. आई साखर घेऊन धावली, तर यांनी तोंड फिरवलं. "पथ्य मोडतंय की!" मी दटावून साखर खायला लावली आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रसाचं कळताच डॉक्टर उखडले, "गोळीवर रस, वर पोट रिकामं, म्हणून साखर एवढी उतरली! दुसरं औषध घेता का, असं विचारलं होतं ना मी?" वडील शांतपणे म्हणाले, "रस कुटं औषध हाय? ते घरचंच हाय की." परवा माझ्या शुगरसाठी गेलो, तेव्हा डॉक्टरांच्या त्याच प्रश्नाला मी पटकन "नाही" म्हणालो. जिना उतरताना घरी पेल्यात भिजत घातलेल्या मेथ्या आठवल्या, आणि अर्ध्या जिन्यातूनच मी मागे फिरलो.