ओल्सनचं घर

सुधामावशी गेल्याचा फोन तिच्या शेजाऱ्याचा, कार्लचा आला. मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, तशीच उठून बाहेर आले. कार्ल मोजकं बोलणारा शेतकरी. सकाळी ती कॉफीला आली नाही म्हणून बघायला गेला, तर खुर्चीतच... तासाभरात पिस्कॅटवेच्या मामांचं फर्मान आलं, बॉडी न्यू जर्सीला आणू, तिथे कोण आहे तिचं? मग फॅमिली ग्रुपवर ‘बिचारी, एकटीच होती हो’ सुरू झालं. त्या ‘बिचारी’नं माझं टाळकंच सटकलं. सहा आठवडे झाले, अजून ठिकाणावर आलेलं नाही.

ही नागपूरची बाई मातीवर पीएचडी करून नॉर्थ डकोटातल्या त्या काउंटीत नोकरीला गेली आणि तीस वर्षं हलली नाही. गहू, सूर्यफूल आणि अखंड वारा. गावात एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि मुलं कमी पडतात म्हणून दरवर्षी बंद होता होता राहणारी शाळा. शेताशेतातली माती तपासून कुठे काय पेरा, कुठे खत कमी घाला, हे ती सांगायची. सुरुवातीला लोक ऐकून घ्यायचे नि आपल्याच मनाचं करायचे. हिनं पिच्छा सोडला नाही. शाळा वाचवायच्या प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत बसून भांडली, स्वतःला मूल ना बाळ.

तिला राग एकाच गोष्टीचा. तिनं विकत घेतलेल्या घराला सगळे ‘ओल्सनचं घर’ म्हणत. हे ओल्सन तिच्याआधी तिथे राहायचे, कधीच वारलेले. घर माझं, छप्पर मी बदललं आणि नाव त्या म्हाताऱ्याचं, असं ती कार्लला सुनवायची. तो कॉफी ढवळत हसायचा. मी मात्र संधी साधून म्हणायचे, बघ, तुला आपलं मानत नाहीत, फ्रिस्कोला ये. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "अगं, आपलं मानत नसते तर माझ्याशी इतकं भांडले असते का? मला हलवायला बघू नकोस. गेल्यावरसुद्धा."

म्हणून मामांना सरळ नाही म्हटलं. दहन तिथल्याच जवळच्या शहरात झालं. चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी जेवण ठेवलं होतं. मावशी मांस खात नसे, म्हणून त्या दिवशी एकीनंही हॅम आणला नव्हता. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. मामा विमानानं आले खरे, पण कुणाशी काय बोलावं ते त्यांना कळेना. बिचारे, एकटेच पडले होते.

घर मी विकलेलं नाही, विकणारही नाही. मावशीच्या जागेवर नोकरीला आलेल्या मेगनला भाड्यानं दिलंय. परवा तिचा वैतागून फोन आला. फर्निचर घेऊन येणारा ड्रायव्हर रस्ता चुकला. त्यानं पंपावर मेगनचं नाव सांगितलं, तर कुणालाच कळेना. मग पत्ता दाखवल्यावर पंपावरची बाई म्हणाली, ‘हां, सुधाचं घर.’

"राहते मी," मेगन म्हणाली, "आणि नाव तिचं?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. तिला म्हटलं, "तीस वर्षं भांड. मग बघू."