घाटातल्या देवाचे दगड

बाबा गेले आणि मी घाटातल्या देवापाशी थांबणं सोडलं. ज्याला माझा माणूस राखता आला नाही, त्याच्यासाठी गाडी कशाला थांबवायची, असा माझा राग होता. पांढरकवड्याला जाताना चढावर, काळ्या कातळाला टेकून तो शेंदूर फासलेला देव बसला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याच्यापुढे एक दगड ठेवायचा, एवढीच त्याची पूजा. लहानपणी बाबा तिथे स्कूटर थांबवायचे. मी छानसा गोल दगड शोधत बसायची आणि ते सांगायचे, "हा सारा डोंगर म्हणजे एके काळची वितळलेली आग आहे बरं का. आपण थिजलेल्या आगीवरून चाललो." त्या स्कूटरच्या मागच्या सीटसाठी अजूनही जीव तुटतो.

गेल्या उन्हाळ्यात आईला दवाखान्यात नेत होते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, एकटीला गाडीतून उतरता येत नव्हतं. नेमका त्याच चढावर जळका वास आला, क्लच गेला आणि गाडी मागे सरकायला लागली. हँडब्रेकही धरेना. मागे खोल नाला. मी सगळा जीव लावून ब्रेक दाबून धरला. पाय सुटला तर आई हातची जाणार, एवढंच कळत होतं. देवाला हाक मारायला तोंड नव्हतं, तरी मारली.

तेवढ्यात टेकडीवरून शेळ्या घेऊन एक बाई उतरली. तिनं एकदा गाडीकडे पाहिलं आणि सरळ देवापुढचे दगड उचलायला लागली.

"देवाचे दगड नको काढू वं बाई!" आई ओरडली.

"थ्याले काय करायचे हायेत मावशी? पडूनच हायेत," म्हणत तिनं मोठाले दगड चाकांमागे ठोकून बसवले. मग मला म्हणाली, "सोड आता पाय."

माझ्यानं सोडवेना. तेव्हा आईच म्हणाली, "सोड वं. त्यानं धरलं हाये."

मी पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी खूप रडले. नाव विचारायला मान वर केली, तोवर बाई शेळ्यांमागे दिसेनाशी झाली होती.

पुढे एका जीपवाल्यानं दोर बांधून गाडी ओढून घेतली. दगड मी परत देवापुढे ठेवत होते, तर आईनं खिडकीतून एक मागून घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "हा तुझ्या बाबाचा असन." इतक्या दगडांत कोणता कोणाचा, कसं ओळखायचं? इतकी वर्षं वाटायचं, आम्ही देवाला देतो आहोत. तो तर आमच्यासाठीच सांभाळून ठेवत होता.

आता जाता-येता मी थांबते. दगड मात्र चांगला मोठा बघून ठेवते. कुणाच्या चाकाला लागेल, सांगता येत नाही.