आईची गवाही

आमच्याकडे जुनी माणसं साक्षीला गवाही म्हणत. सोयरीक असो, वाटणी असो की बैलाचा सौदा, गवाहीला कुणीतरी लागायचंच. तिथं हजर असायचं आणि विचारलं की सांगायचं, एवढंच त्या माणसाचं काम. मला ते फार सोपं वाटायचं. कोर्ट पाहिलं आणि तो समज गेला.

दुष्काळाचं साल होतं. आमच्या बौद्धवाड्यातला आड आटला, म्हणून माझा चुलता घागर घेऊन गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीवर गेला. आई त्याच्या मागोमाग होती. मळ्याचा मालक आणि त्याचा भाऊ आडवे आले, आणि मालकानं कुऱ्हाडीचा दांडा चुलत्याच्या डोक्यात घातला. चुलता तिथंच गेला. पाहणारे तिघं होते. त्यातले दोघं त्याच मळ्यात राबायचे. कोर्टात दोघंही फितूर झाले. पोटासाठी झाले, असं लोक म्हणतात, पण मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. उरली एकटी आई.

खटला उभा राहीपर्यंत लातूर जिल्हा वेगळा झाला होता. नव्या जिल्ह्याच्या कोर्टात दोघे भाऊ पिंजऱ्यात उभे होते. मारलं कुणी, असं सरकारी वकिलांनी विचारलं. आईनं बोट दाखवलं. आरोपींचे वकील उठले आणि म्हणाले, कागदावर बोट उमटत नाही, नाव सांगा. आई गप्प झाली. मालकाचं आणि माझ्या वडिलांचं नाव एकच होतं, आणि नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं.

"ह्यांच्याच नावाचा हाय त्यो," ती म्हणाली.

"मग उखाण्यात घ्या, बाई," वकील म्हणाले. सगळे हसले. त्या हसण्यानं माझं डोकं आजही फिरतं.

आईनं मागच्या बाकाकडं पाहिलं. तिथं वडील बसले होते. मेलेला त्यांचा पाठचा भाऊ होता. त्यांनी मान हलवली, आणि आईनं नाव घेतलं.

निकाल मीच तिला वाचून दाखवला. नाव सांगताना साक्षीदार अडखळली, सबब ते तिला पढवलेलं असावं, असं त्यात होतं. संशयाचा फायदा मिळून दोघे सुटले.

"म्या खोटं बोलले म्हून लिवलंय का?" तिनं विचारलं.

तेव्हापासून आई वडिलांना नावानंच हाक मारायला लागली. वाड्यातल्या बायकांनी नाकं मुरडली, सासरच्यांनी बोलणं टाकलं. तिनं कुणाला दाद दिली नाही. मळ्यावरून जाताना वडील तिच्या शेजारीच चालत असायचे, तरी ती ते नाव मोठ्यानं घ्यायची, आणि मालक मान वर करून बघेपर्यंत घेतच राहायची.