रूबीताईचं वर्ष आणि माझं वर्ष

रूबीताई काल गेली, आणि मला आजही तिचा हेवा वाटतोय.

असं लिहू नये, माहीत आहे. पण गोड गोड लिहिलं असतं तर तीच आधी हसली असती.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पनवेलच्या आमच्या बालवाडीत आम्ही दोघी आर्ट शिकवायचो. ती माझ्या कितीतरी आधीपासून. ती इथलीच, कोकणातली ज्यू; तिची भावंडं केव्हाच इस्रायलला गेली. ही आणि तिचे यजमान सॅमसनकाका इथेच राहिले.
"तिकडे खाडीची मासळी कोण देणार मला?" म्हणायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात मॅडमनी आम्हाला समोरासमोर बसवलं. नर्सरी आणि ज्युनिअर केजीचा वर्षभराचा आर्टचा प्लॅन. दोघींनी मिळून करायचा.

माझा तयार होता. जूनमध्ये छत्री, जुलैत मासा, मग राखी, गणपती, कंदील. महिन्याला एक वस्तू. घरी न्यायची, फ्रिजवर लावायची, आईबाबा खूश.

रूबीताईने तो नीट पाहिला.
"सुंदर आहे गं. पण छत्री कापणार कोण?"
"मी. एवढ्याशा मुलांना कात्री कशी येईल?"
"आणि चिकटवणार कोण?"
"मुलं. म्हणजे, गम मी लावून देणार."
"मग छत्री तुझी झाली ना!"

तिच्या प्लॅनमध्ये सुरुवातीला दोन महिने नुसती माती. गणपतीच्या कारखान्यातून आणलेली शाडू. मळा, थापा, मोडा. मग एकच रंग, तोही बोटांनी. दिवाळीनंतर दुसरा रंग. कात्री पार जानेवारीत.

"आणि पालकांना दाखवायचं काय?" मी विचारलं.
"बघू की," ती म्हणाली.

आमचं भांडण ऐकून मॅडम कंटाळल्या.
"एक बॅच हिची, एक तिची. आपापलं करा."

आणि माझी ओवी, माझी स्वतःची मुलगी, रूबीताईच्या बॅचमध्ये गेली. आईच्या वर्गात मूल ठेवत नाहीत. शाळेचा नियम.

झालं. घरात तिसरं माणूस राहायला आलं.

जेवताना, "रूबी टीचर म्हणते, मातीला घाई आवडत नाही."
आंघोळीला, "रूबी टीचरने आज आम्हाला मातीचा वास घ्यायला दिला."

एकदा मी ओवीला हत्ती काढून दाखवला. सोंड, सुळे, डोळ्यातली चमक, सगळं. मला खरंच छान जमतो हत्ती.
ओवी म्हणाली, "रूबी टीचरला हत्ती येत नाही. ती म्हणते, तू काढ, मी बघते."
आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

जळफळाट म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

फेब्रुवारीत प्रदर्शन होतं. माझ्या वर्गाची भिंत गच्च भरलेली. लोक फोटो काढत होते.
तिच्या वर्गाची भिंत कोरी. खाली चटया, ताटल्यांत रंग, मातीचे गोळे. बस.

पालक कुजबुजायला लागले. मला बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

जवळच्या कोन गावाहून एक आजोबा आले होते, नातीचं बोट धरून. ते सरळच बोलले.
"बाय, आमचे पोरीनं वर्षभर काय केलं? भिंतीवर तर कायच नाय!"

रूबीताई म्हणाली, "आजोबा, बसा ना. तिलाच विचारा."

आजोबा मांडी घालून बसले. नातीने निळा घेतला. त्यात थोडा पिवळा. बघितलं, अजून थोडा. मग चिमूटभर माती. कोणाला विचारलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही.

आजोबा वाकून बघत होते.
"अगं, हा तर आपले खाडीचा रंग हाय!"

मग त्यांनीच बोटं बुडवली. मग एक आई बसली, मग दुसरी. साड्या, जीन्स, सगळं बरबटलं. हसणं पार गेटपर्यंत ऐकू येत होतं.

माझ्या भिंतीसमोर मी एकटी.

मार्चमध्ये तिचं दुखणं निघालं. पोटाचं. उशिरा कळलं.

मॅडमनी मला बोलावलं. "पुढच्या वर्षी दोन्ही बॅचेस तुझ्या. प्लॅनही तुझाच."

मला हवं होतं ते सगळं मिळालं.

मी तिला भेटायला गेले. बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती. केवढीशी झाली होती.
"तुझा प्लॅन चालवू का?" मी विचारलं.
"नको. तुझाच चालव. टीचरला मनातून आवडत नसलं ना, की मुलांना बरोबर कळतं."

मोठेपणासुद्धा तिनेच घेतला!
जिना उतरताना मी रडत होते आणि चिडलेलीही होते.

घरी येऊन प्लॅन लिहायला बसले. जून: छत्री. खोडलं. जून: माती. जुलै: माती.

तिला फोन करून ते वाचून दाखवलं.
"चोरलंस?"
"हो."
खूप हसली. मग खोकला आला. मग म्हणाली, "पण हत्ती काढून दाखवत जा गं त्यांना. माझी मुलं तुझ्या दारात उभी राहून तुझा हात बघायची. मला काय व्हायचं, माहितेय?"

नव्हतं माहीत. मला वाटायचं, जळणारी मी एकटीच.

सोमवारी शाळा उघडली. दोन्ही बॅचेस कोपरापर्यंत मातीत. तिला व्हिडिओ पाठवला. तिने पाहिला, असं सॅमसनकाकांनी सांगितलं.

काल सकाळी ती गेली. संध्याकाळी दफन झालं. किती माणसं आली होती! तिच्या हाताखालून गेलेली, आता दाढीमिशा आलेली मुलं. तिथेही मनात आलंच, माझ्यासाठी येतील का एवढी?

आज ओवीला घेऊन तिच्या घरी गेले. सॅमसनकाका जमिनीवर बसले होते, ज्यू लोकांत दुखवट्याचे सात दिवस बसतात तसे. ओवी माझा हात सोडून त्यांच्याजवळ गेली. त्यांना खेटून बसली.

निघताना मी तिला हाक मारली. ती उठली नाही.

मी पुन्हा हाक मारली नाही. मीही जाऊन त्यांच्याजवळ बसले.

रूबीताई, नीट जा. तुला माझा आणि ओवीचा मनापासून निरोप.