फुलांची चादर घातलेली जीप

दुसऱ्याच्या गाडीचं कौतुक ऐकलं की हनुमंताला तंबाखूची आठवण होते. तो खिशातून पुडी काढतो, हातावर घेतो आणि बोलणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत मळत राहतो. गेल्या वर्षभरात त्याची तंबाखू फार वाढली, कारण आदिनाथने नवी गाडी घेतली.

मी राजूरला राहते. शिकले नगरच्या मिशनऱ्यांच्या शाळेत, पण लग्न होऊन या डोंगरात आले आणि धरणापलीकडच्या वाडीवर शिक्षिका म्हणून नोकरी केली. त्या वाडीचाच हनुमंत मला रोज त्याच्या जीपमधून न्यायचा, आणायचा. यजमान गेले, मी निवृत्त झाले, तरी बाजारच्या दिवशी तो दारात हॉर्न वाजवतो. "बाई, काही आणायचंय का?" तेवढ्या वेळात आदिनाथविषयीची ताजी तक्रारही सांगून टाकतो.

आदिनाथ एके काळी याच जीपवर क्लीनर होता. स्प्रिंगचा पाटा कसा कसायचा, चिखलात गिअर कधी टाकायचा, हे सगळं हनुमंतानेच त्याला शिकवलं. पुढे काजवे बघायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना तो फिरवू लागला आणि त्यातून चारही चाकांना जोर असणारी कोरी गाडी घेऊन आला. गार हवेची, गुबगुबीत गाद्यांची. अजूनही तो हनुमंताला 'वस्ताद' म्हणतो. हनुमंताला तेही टोचतं.

"वस्ताद म्हणतो आन् गिऱ्हाईक पळवतो," तो मला म्हणाला होता. "बाई, तुमीच सांगा, त्या गाडीत काय हाय? सगळे सेन्सर. एक सेन्सर रुसला की गाडी बसली. मग बोलवा नाशकाहून मेकॅनिक. माझ्या टाकीला भोक पडलं तर मी साबन लावून घरी येतो. पंख्याचा पट्टा तुटला तर सुतळी बांधतो. चौदा मानसं आन् वर दोन शेळ्या, हूं का चूं न्हाई. त्याच्यात पाच बसली की सहाव्याला म्हनतो, सीट मळंल."

"आणि आराम?" मी विचारलं.

"आराम घरी करावा. गाडी जायासाठी असती."

"तुझ्या जीपचा तापमानाचा काटा तरी चालतो का रे?"

"काटा कशाला? कान हायेत की. इंजिनचा आवाज बदलला की झोपेतबी कळतं मला."

त्याची बायको राहीबाई जीपच्या मागच्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "कळंल न्हाई तर! माझ्या खोकल्याचा आवाज बदलला ते मातर कळत न्हाई यांना."

या मे महिन्यात हनुमंताच्या भाचीचं, धनश्रीचं लग्न ठरलं. त्याची बहीण चांगुणा त्याच वाडीत दिलेली. त्याला स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे धनश्री म्हणजे त्याचा जीव की प्राण. नवरीला मांडवात मामाने आणायचं हा रिवाज सगळीकडेच आहे. वाडीला रस्ता झाल्यापासून मामा तिला गाडीतून आणतो. लग्न राजूरच्या कार्यालयात होतं. वाडीतून खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि मग खिंड चढून राजूर. ओढ्यापाशी पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला, आणि फुटलेल्या पाइपाने तिथे नुसता चिखलाचा राडा झालेला.

धनश्रीने आदल्या आठवड्यात हळूच विषय काढला. मी तेव्हा चांगुणाकडे साडी द्यायला गेले होते.

"मामा, आदिनाथदादाच्या गाडीतून गेलं तर? व्हिडिओवाला म्हणतो, तिला वरनं काच हाय, उघडती. मी त्यातून उभी राहीन."

हनुमंताने तंबाखू काढली. "रस्त्यात राडा हाय. तिथं ती फसली तर नवरी काय चालत जायची?"

"न्हाई फसायची. काल आदिनाथदादा रिकामी नेऊन आला."

"रिकामी तर बैलगाडीबी जाती!"

चांगुणा मध्ये पडली. "दादा, तू मामा. तू म्हनशील तसं."

"मग मामाच्या गाडीतनंच जायचं," तो म्हणाला. पोरीचा चेहरा उतरला ते त्याने पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "बरं. निदान फुलं तरी लाव तिला."

हे तिने बोलायला नको होतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच हनुमंताने मला वाडीवर आणलं होतं. सकाळी बघते तर आदिनाथची गाडी चांगुणाच्या अंगणात उभी होती. तिच्यातून वऱ्हाडातली म्हातारी माणसं जाणार होती. दोन्ही बाजूंना शेवंतीचा एकेक सर, पुढे एक छोटा गुच्छ. शेजारी हनुमंताची जीप. मला आधी ती ओळखूच आली नाही. राजूरच्या बाजारातला झेंडू त्याने पाटीने आणला होता आणि देवाच्या पालखीवर घालतात तशी फुलांची जाड चादर ओवून जीपच्या तोंडावर घट्ट बांधली होती. दिवे तेवढे बाहेर डोकावत होते. खाली आंब्याच्या पानांची झालर.

आदिनाथने जीपभोवती एक फेरी मारून बघितलं. "वस्ताद, पुढची जाळी मोकळी ठेवा. इंजिनला वारं लागाया पायजे. चढाला गुदमरंल ती."

हनुमंत माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलं का, बाई? जळतोय."

मला पुढच्या सीटवर बसवलं, मध्ये धनश्री, मागे तिच्या मैत्रिणी. ओढ्यापाशी आलो. हनुमंताने खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांनाही जोर मिळावा म्हणून त्यांचे खटके लॉक केले, बुटक्या दांड्याने बारका गिअर टाकला आणि जीप अशी काही चिखलातून निघाली की मलाही टाळी वाजवावीशी वाटली. पलीकडे जाऊन तो थांबला. आरसा नीट करण्याच्या निमित्ताने मागे बघत राहिला.

आदिनाथची गाडी आली. घसरली नाही, ओरडली नाही. चिखलातून सरळ बाहेर. आतली एक म्हातारी पानाला चुना लावत होती. तिचा हातसुद्धा हलला नव्हता.

हनुमंताने गाडी दामटली. खिंडीचा चढ लागला. मागच्या पोरींनी मोबाईलवर गाणी लावून गळा काढला होता, त्यात इंजिनाचा आवाज काय ऐकू येणार? अर्ध्या चढावर पुढून वाफ आली. मग शिट्टी वाजल्यासारखा आवाज झाला आणि जीप थांबली. उकडलेल्या झेंडूचा वास सुटला.

हनुमंत चटके सोसत फुलं ओरबाडू लागला. चादर त्यानेच इतकी पक्की बांधली होती की निघता निघेना. "जरा थंड झाली की निघती," तो म्हणत होता. "पानी घालतो. जरा दम धरा."

आदिनाथने गाडी मागे लावली. त्याने विळा आणून दोऱ्या कापल्या. मला वाटतं, त्याने टोमणा मारला असता तर हनुमंताला सोपं गेलं असतं.

आधीच पुढे गेलेल्या चांगुणाचा कार्यालयातून फोन आला. नवरदेव बोहल्यापाशी आला होता. धनश्री फोनवर म्हणाली, "आई, मामासंगं येतेय," आणि फोन ठेवून मामाकडे नुसती बघत राहिली. आदिनाथच्या गाडीकडे तिने मान वळवली नाही. मामा 'थांब' म्हणाला असता तर ती पोर तिथेच उन्हात थांबली असती.

हनुमंताने हातातली काळी पडलेली फुलं रस्त्याच्या कडेला टाकली. "आदिनाथ, म्हाताऱ्यांना उतरव. सावलीत बसू दे. दुसऱ्या खेपेला ने."

"आन् तुमी, वस्ताद?"

"मामा मागं ऱ्हाईल का? चल."

पोरी म्हाताऱ्यांपाशी थांबल्या; मी, धनश्री आणि हनुमंत मागे बसलो. गाडी चढ चढत होती हे केवळ बाहेरची झाडं खाली जाताना दिसली म्हणून कळत होतं. हनुमंताने गादी दाबून पाहिली. दाराची कड चाचपली. गार हवेच्या झरोक्यावर हात धरला आणि लगेच काढून घेतला. धनश्रीच्या कपाळावरचं कुंकू सकाळी लावलं तसंच होतं.

तो माझ्या कानाशी झुकला. "बाई, गाडी वाईट असती तर बरं झालं असतं."

कार्यालयाच्या दारात बँड थांबलेला. नवरदेवाकडचे एक पागोटेवाले गृहस्थ पुढे आले आणि गाडीवर थाप मारून म्हणाले, "वा मामा! भाचीसाठी झकास गाडी घेतली की!"

आदिनाथ स्टिअरिंगवरून मागे वळून पाहू लागला. हनुमंताने खाली उतरून टोपी नीट केली.

"व्हय," तो म्हणाला. "बरी हाय. वळनावर जरा झुलती."

"मागं वजनदार मानूस बसलं की झुलती," आदिनाथ म्हणाला.

हनुमंत त्याच्याकडे डोळे वटारून बघत उभा राहिला, गाडीचं दार एका हाताने धरून. बँड सुरू झाला होता. धनश्रीने शालू सावरत पाय खाली टेकला आणि हात पुढे केला.

"मामा, दार सोड आता. माझा हात धर."